सागरतीरीय पंक्तिगृहे, ब्रायटनची

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन व त्याला लागून असलेल्या होव्ह या नगरांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्राभिमुख बांधण्यात आलेल्या सलग घरांच्या रांगा. श्रीमंत कुटुंबांच्या हंगामी वास्तव्यासाठी बांधलेल्या या घरांपैकी अनेकांचे पुढे भोजन-निवासगृहांत व हॉटेलांत रूपांतर झाले. एका उपयोगासाठी बांधलेली वास्तू दुसऱ्या उपयोगास लावली असता तिचे काय टिकते व काय नष्ट होते, याचे अभ्यासयोग्य उदाहरण म्हणून वास्तुकलेच्या इतिहासात या पंक्तिगृहांना महत्त्व आहे.

इंग्रजीत अशा रांगेस ‘टेरेस’ म्हणतात. मराठीत त्या शब्दाचा गच्ची हा अर्थ रूढ आहे. येथे तो अभिप्रेत नाही. शेजारच्या दोन घरांमध्ये एकच सामाईक भिंत असलेली, एकाच दर्शनी रेषेत उभी केलेली अनेक मजली घरे म्हणजे पंक्तिगृहे होत. मुंबईतील चाळीशी त्यांची तुलना केल्यास फरक ध्यानात येतो. चाळीत एका कुटुंबाच्या वाट्यास एका मजल्यावरील एकदोन खोल्या येतात व जिना सर्वांचा असतो. म्हणजे तेथे वास्तूची विभागणी आडवी असते. पंक्तिगृहात ती उभी असते. तळघरापासून माळ्यापर्यंतचा एक अरुंद उभा पट्टा एकाच कुटुंबाचा असून प्रत्येक घराला स्वतंत्र दरवाजा व स्वतंत्र जिना असतो. हॉटेलास मात्र एका मजल्यावर ओळीने अनेक खोल्या हव्या असतात, म्हणजेच आडवी विभागणी हवी असते. रूपांतराच्या बहुतेक अडचणींचे मूळ या विरोधात आहे.

उगम : अठराव्या शतकाच्या प्रारंभी ब्रायटन हे मासेमारीवर जगणारे आणि वादळांनी खचलेले गाव होते. जवळच्या ल्यूइस येथील वैद्य रिचर्ड रसेल याने ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा लॅटिन प्रबंध १७५० मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यानंतर ब्रायटनला येऊन समुद्रकाठी घर बांधले. त्याच्या सल्ल्याने समुद्रस्नानास येणाऱ्या रुग्णांमागोमाग हौशी मंडळीही येऊ लागली. १७८३ साली युवराज (पुढे राजा चौथा जॉर्ज) येथे प्रथम आला. हेन्‍री हॉलंडने १७८७ मध्ये त्याच्यासाठी बांधलेल्या प्रासादाला जॉन नॅश याने १८१५ ते १८२२ या काळात घुमट, मनोरे व जाळ्या यांनी युक्त असे भारतीय धर्तीचे रूप दिले. याच सुमारास पाटण्याहून इंग्लंडला गेलेला दीन महंमद (१७५९–१८५१) याने ब्रायटन येथे बाष्पस्नान व अंगमर्दन यांचे स्नानगृह चालविले. इंग्रजीतील ‘शॅम्पू’ हा शब्द चंपीवरूनच गेलेला असून त्याच्या प्रसारास हे स्नानगृह बरेच कारणीभूत झाले. समुद्रकाठच्या त्या जागेवर पुढे एक हॉटेल उभे राहिले. राजाश्रय व आरोग्याची आस यांमुळे नगर झपाट्याने वाढले. १८०१ मध्ये सु. ७,००० असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सु. ६५,००० वर गेली.

प्रारंभी घरे समुद्राकडे पाठ करून बांधीत. समुद्र ही कामाची व धोक्याची जागा होती, पाहण्याची नव्हे. समुद्राचे दर्शन हेच ज्यांचे मोल ठरले, अशी घरे अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधली जाऊ लागली. १७९० च्या दशकातील न्यू स्टाइन या चौकात समुद्राकडील बाजू मोकळी सोडून तीन बाजूंना घरे बांधली आहेत. चौकातील कोणत्याही घरातून समुद्र तिरका का होईना दिसावा, म्हणून दर्शनी भागांना बाहेर झुकलेल्या खिडक्या दिल्या आहेत. हा चौक आजही लहान हॉटेलांसाठी प्रसिद्ध आहे.

बांधणीची पद्धती : ही पंक्तिगृहे कोणा एका धनिकाने पदरमोड करून बांधली नाहीत. जमीनमालक किंवा विकासक जमिनीचे तुकडे पाडी, वास्तुविशारदाकडून संपूर्ण रांगेचा दर्शनी आराखडा करवून घेई व प्रत्येक तुकडा भाडेपट्ट्याने देई. पट्टा घेणाऱ्याने ठरलेल्या नमुन्याप्रमाणेच पुढची बाजू बांधावी, अशी अट करारात असे. आतील खोल्यांची मांडणी, जिन्याचे कठडे, छताचे नक्षीकाम ही मात्र घेणाऱ्याच्या ऐपतीवर व आवडीवर सोडलेली असत. त्यामुळे बाहेरून राजवाड्यासारखी एकसंध दिसणारी रांग आतून अनेक भिन्न घरांची बनलेली असते. पुढे दोन-तीन घरे जोडून हॉटेल करणाऱ्यांना याचा प्रत्यय आला : दर्शनी कंगणी एका रेषेत असली, तरी मागील खोल्यांच्या जमिनी एका पातळीत असतीलच असे नव्हते.

या व्यवहारात धोकाही मोठा होता. टॉमस रीड केम्प याने १८२३ मध्ये नगराच्या पूर्व टोकास सुरू केलेल्या केम्प टाउन या वसाहतीत २५० घरांची योजना होती. प्रत्यक्षात १०६ घरे झाली व ती पुरी होण्यास १८५५ साल उजाडले. कर्जबाजारी झालेला केम्प १८३७ मध्ये देश सोडून फ्रान्सला गेला व तेथेच मरण पावला. त्याचा वास्तुविशारद चार्ल्स बझ्बी (१७८६–१८३४) हाही दिवाळखोरीतच निवर्तला.

प्रमुख उदाहरणे : ‘रॉयल क्रेसंट’ (१७९८–१८०७) ही चौदा घरांची चंद्रकोरीच्या आकाराची रांग म्हणजे ब्रायटनमधील एकाच संकल्पनेनुसार बांधलेली पहिली सागराभिमुख वास्तुरचना होय. तिच्या दर्शनी भागावर काळ्या चकाकीची ‘गणिती कौले’ आहेत. लाकडी सांगाड्यावर एकावर एक अशी खिळ्यांनी बसविलेली ही कौले दिसावयास विटांसारखी असतात. वजनाला हलकी असूनही ती पावसाला दाद देत नाहीत. ‘रीजन्सी स्क्वेअर’ (१८१८–३२) हा चौक जोशुआ हॅन्सन या विकासकाने अमन वाइल्ड्स (१७६२–१८३३) व त्याचा पुत्र अमन हेन्‍री वाइल्ड्स यांच्या साहाय्याने वसविला. पितापुत्रांनी आपल्या काही इमारतींच्या स्तंभशीर्षांवर अमोनाइट या शंखाकृती जीवाश्माची वेटोळी कोरविली. अमन या नावाशी साधलेला तो श्लेष असावा, असे मानले जाते. केम्प टाउनमधील ‘ल्यूइस क्रेसंट’ ही कोर बाथ येथील सुप्रसिद्ध रॉयल क्रेसंटपेक्षा सु. ६० मी. अधिक रुंद आहे. होव्ह येथील ‘ब्रन्झविक स्क्वेअर व टेरेस’ (१८२४ पासून पुढे) ही बझ्बीची सर्वांत परिपूर्ण कृती समजली जाते. कॉरिंथियन स्तंभांनी नटलेल्या या वसाहतीच्या सफाई, दिवाबत्ती व बंदोबस्तासाठी १८३० मध्ये स्वतंत्र कायदा करून आयुक्तमंडळ नेमण्यात आले होते.

दर्शनी रचना : पंक्तिगृहाची दर्शनी रुंदी साधारणपणे ६ ते ८ मी. असते. या अरुंद घरास भव्यता यावी म्हणून संपूर्ण रांग हीच एक इमारत मानून तिची रचना केली जाते. मधली व टोकांची घरे किंचित पुढे आणून त्यांवर स्तंभ किंवा त्रिकोणी शीर्षे देतात. उरलेली घरे साधी ठेवतात. प्रत्येक मजल्याच्या खिडक्यांची उंची त्या मजल्याच्या प्रतिष्ठेप्रमाणे ठरते. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच व जमिनीपर्यंत उतरलेल्या असतात आणि वर जावे तसतशा त्या आखूड होत जातात. धनुष्याकार बाहेर आलेल्या खिडक्या आणि ओतीव लोखंडाचे नाजूक सज्जे ही ब्रायटनची खूण आहे. अनेक सज्ज्यांवर तंबूच्या आकाराचे पत्र्याचे छत्र असते. उन्हाचा ताप चुकवून वारा घेण्याची ही कल्पना इंग्रजांनी वसाहतींतून आणली. ‘व्हरांडा’ हा शब्दही त्यांनी हिंदुस्थानातूनच उचलला.

अंतर्रचना : रस्त्याच्या पातळीखाली तळघर असून त्यात स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या असत. तळघरात उजेड यावा म्हणून घर व पदपथ यांच्यामध्ये खोलगट मोकळी जागा सोडून तिला लोखंडी गजांचे कुंपण करीत. पदपथाखालच्या कमानदार कोठ्यांत कोळसा साठवीत. तळमजल्यावर भोजनकक्ष, पहिल्या मजल्यावर घराच्या पूर्ण रुंदीचा दिवाणखाना, दुसऱ्या मजल्यावर शयनकक्ष आणि छपराखालील माळ्यावर मुले व दासदासी, असा क्रम ठरलेला होता. पुढची व मागची खोली यांमध्ये मोठे घडीचे दरवाजे असत; ते उघडले की समुद्राचा उजेड घराच्या पाठीमागपर्यंत पोचे. जिना एका बाजूस असून त्यावर छपरातून काचेच्या झरोक्याने प्रकाश येई. धुराड्यांच्या वाटा सामाईक भिंतींतून वर नेलेल्या असत, त्यामुळे या भिंती जाड व भक्कम भासतात.

बांधकामाचे साहित्य : पांढऱ्या, गुळगुळीत दर्शनी भागामागे जे आहे, ते तितके देखणे नाही. येथील पुष्कळ भिंती ‘बंगरूश’ या स्थानिक मिश्रणाच्या आहेत. विटांचे तुकडे, गारगोट्या, समुद्रकाठचे गोटे, वाळू, प्रसंगी लाकडाचे तुकडेही चुन्यात कालवून फळ्यांच्या साच्यात ओतीत व घट्ट झाल्यावर साचा वर सरकवीत. हे साहित्य स्वस्त होते व काम झपाट्याने होई. परंतु ते ओलाव्याच्या बाबतीत फार हळवे आहे. अगदी कोरडे पडल्यास त्याचा भुगा होतो, अति भिजल्यास ते विरघळते. पाण्याच्या नळीची धार नेम धरून मारली, तर अर्धे ब्रायटन कोसळेल, अशी थट्टा त्यामुळेच रूढ झाली. या भिंतींवर चुन्याचा किंवा नैसर्गिक सिमेंटचा गिलावा करून त्यावर रेषा ओढीत व दगडी बांधकामाचा आभास निर्माण करीत. हा गिलावा केवळ सजावट नव्हे; खाऱ्या वाऱ्यापासून भिंतीचे रक्षण करणारे ते कवच आहे. म्हणून त्याची रंगरंगोटी ही हौसेची नव्हे, तर गरजेची बाब ठरते.

हॉटेलात रूपांतर : मुळात ही घरे हंगामापुरती संपूर्ण भाड्याने दिली जात. कुटुंब आपल्या नोकरचाकरांसह येई व दोन-तीन महिने राही. १८४१ मध्ये लंडन–ब्रायटन लोहमार्ग सुरू झाला आणि एका दिवसात येऊन परत जाणे मध्यमवर्गासही शक्य झाले. गर्दी वाढली तसा राजदरबार दूर गेला; व्हिक्टोरिया राणीने १८५० मध्ये येथील प्रासाद नगरास विकला. संपूर्ण घर घेणारे भाडेकरू कमी झाले व एकेक खोली मागणारे वाढले. घरमालकिणी खोल्या भाड्याने देऊन भाडेकरूंसाठी स्वयंपाक करू लागल्या. त्यातून भोजन-निवासगृहे आणि त्यांतून लहान हॉटेले निर्माण झाली. दरम्यान ‘ग्रँड’ (१८६४) व ‘मेट्रोपोल’ (१८९०) ही मुळातच हॉटेल म्हणून बांधलेली प्रचंड हॉटेले समुद्रकाठी उभी राहिली. मधोमध मार्गिका, दोहो बाजूंस खोल्या, उद्वाहक व प्रशस्त सभागृहे अशी त्यांची रचना होती. त्यांच्याशी स्पर्धा करावयाची, तर पंक्तिगृहांना शेजारच्या घरात शिरण्यावाचून मार्ग नव्हता.

रूपांतराचे प्रश्न : दोन घरे जोडताना सामाईक भिंतीत दार पाडावे लागते. धूरवाटा टाळून हे दार बहुधा जिन्याच्या चौकाजवळ पाडतात. जमिनीच्या पातळ्या भिन्न असल्यास मार्गिकेत दोनचार पायऱ्या येतात. जुन्या हॉटेलांच्या मार्गिका चढत-उतरत व वळणे घेत जातात, त्याचे कारण हेच. दोनांपैकी एक दरवाजा निरुपयोगी होतो. तो काढून टाकल्यास दर्शनी रचनेची लय बिघडते, म्हणून तो नुसताच बंद ठेवणे योग्य ठरते.

याहून मोठी हानी न्हाणीघरांमुळे झाली. प्रत्येक खोलीस स्वतंत्र स्नानगृह हवे, ही मागणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सार्वत्रिक झाली. त्यासाठी दिवाणखान्यात लाकडी आडभिंती घातल्या गेल्या. छताच्या कडेची नक्षीदार कंगणी मध्येच तुटली आणि काही ठिकाणी एकाच खिडकीचे दोन खोल्यांत विभाजन झाले. जुन्या लाकडी तुळयांवर पाण्याचा व फरशीचा भार आला, तर नळांच्या गळतीने बंगरूशच्या भिंतींत ओल शिरली. मजल्याच्या पूर्ण उंचीची आडभिंत न घालता, छताला न भिडणारी बुटकी पेटी उभारून तीत स्नानगृह बसविणे हा त्यावर काढलेला तोडगा आहे. त्यामुळे खोलीचे मूळ आकारमान डोळ्यांस दिसत राहते आणि पेटी काढल्यास खोली पूर्ववत होऊ शकते.

समुद्राचा खारा वारा हा कायमचा शत्रू होय. सज्ज्यांचे लोखंड गंजले की फुगते व भोवतालचा दगड किंवा गिलावा फोडते. अशा वेळी आधुनिक सिमेंटने भेगा बुजविणे हा सोपा परंतु घातक उपाय आहे. घट्ट सिमेंट व अभेद्य रंग यांच्यामागे पाणी अडकून राहते. भिंतीस श्वास घेता येत नाही आणि तिच्यात गाडलेली लाकडे कुजतात. चुन्याच्या गिलाव्याची दुरुस्ती चुन्यानेच करावी, हे तत्त्व बऱ्याच नुकसानीनंतर मान्य झाले.

अग्निसुरक्षा : २६ डिसेंबर १९६९ रोजी सॅफ्रन वॉल्डन येथील एका जुन्या हॉटेलास लागलेल्या आगीत अकरा माणसे मरण पावली. त्यानंतर झालेल्या १९७१ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये सहांहून अधिक व्यक्तींच्या निद्रेची सोय असलेल्या, किंवा पहिल्या मजल्याच्या वर अथवा तळमजल्याच्या खाली निद्रेची सोय असलेल्या हॉटेलांना अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. चारपाच मजली पंक्तिगृहे या व्याख्येत सरळच आली. त्यांचा खुला, तळापासून झरोक्यापर्यंत जाणारा जिना हा वास्तुदृष्ट्या घराचा दागिना; परंतु आगीच्या वेळी तोच धुराची वाट बनतो आणि वर झोपलेल्यांना उतरण्यास दुसरा जिना नसतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर जिना आपोआप मिटणाऱ्या दारांनी बंदिस्त करावा लागला, जुन्या नक्षीदार दारांवर जाड तक्ते बसविण्यात आले व मागील बाजूस लोखंडी जिने आले. सामाईक भिंत ही मुळात आग अडविण्याचे उत्तम साधन होती. घरे जोडताना तिला पाडलेली दारे अग्निरोधक करणे अपरिहार्य ठरले. हा खर्च न पेलल्याने काही लहान हॉटेलांना व्यवसाय सोडावा लागला. २००६ मध्ये अंमलात आलेल्या नव्या आदेशाने प्रमाणपत्राची पद्धत जाऊन मालकानेच धोक्याचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी आली. त्यामुळे वास्तूनुरूप उपाय योजण्यास वाव मिळाला. मात्र धोका संपला नाही. रसेलच्या घराच्या जागी १८२६ मध्ये अमन हेन्‍री वाइल्ड्सने बांधलेले व पुढे शेजारच्या इमारती सामावून वाढलेले ‘रॉयल अल्बियन’ हॉटेल १५ जुलै २०२३ रोजी आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि त्याचा पश्चिमेकडील भाग पाडावा लागला.

जतन : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही घरे कालबाह्य समजली जात. १९४५ मध्ये ब्रन्झविक स्क्वेअर व लगतची ॲडलेड क्रेसंट ही कोर पाडून सदनिकांच्या इमारती उभारण्याचा विचार होव्ह नगरपालिकेपुढे आला. त्याला विरोध करण्यासाठी त्याच वर्षी ‘रीजन्सी सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली आणि तो बेत बारगळला. १९४७ च्या नगररचना कायद्यानंतर ऐतिहासिक इमारतींच्या सूची तयार झाल्या. केम्प टाउन व ब्रन्झविक यांतील प्रमुख रांगांना त्यांत पहिली श्रेणी मिळाली आहे. १९६८ पासून सूचीतील इमारतीत, आतील बाजूसही, महत्त्वाचा बदल करण्यास पूर्वसंमती आवश्यक झाली. होव्हसाठी १९७६ मध्ये झालेल्या स्थानिक कायद्याने ब्रन्झविक स्क्वेअरमधील घरे दर पाच वर्षांनी एकाच फिक्या पिवळसर रंगाने रंगविण्याचे बंधन घातले. विकासकाच्या मूळ करारातील एकरूपतेची अट अशा रीतीने दीड शतकानंतर कायद्याच्या रूपाने टिकून राहिली.

१९६० नंतर स्वस्त विमानप्रवासामुळे ब्रिटिश प्रवासी भूमध्य समुद्राकडे वळले व अनेक पंक्तिगृह-हॉटेलांच्या सदनिका झाल्या. उरलेली हॉटेले टिकावीत म्हणून समुद्रकाठच्या ठराविक भागात त्यांच्या उपयोगास संरक्षण देण्याचे धोरण नगरनियोजनात स्वीकारले गेले. वेल्समधील लँडडनो येथे १८४९ पासून एकाच जमीनदार घराण्याच्या नियंत्रणाखाली वसलेली समुद्रकाठची रांग, तसेच तिसऱ्या जॉर्ज राजाच्या १७८९ पासूनच्या वास्तव्यामुळे नावारूपास आलेल्या वेमथ येथील पंक्तिगृहे ही याच प्रकारच्या रूपांतराची अन्य उदाहरणे होत.

मूल्यमापन : हॉटेलाच्या उपयोगाने या वास्तूंची मोडतोड केली हे खरे, पण तिने त्यांना तारलेही. सदनिकांत घराचे मजले वेगवेगळ्या मालकांकडे जातात, दिवाणखाने खाजगी होतात आणि गिलाव्याच्या दुरुस्तीसाठी सर्वांची संमती मिळविणे दुष्कर होते. हॉटेलात मालक एकच असतो. दर्शनी भाग हेच गिऱ्हाइकास आकर्षून घेण्याचे साधन असल्याने त्याची निगा राखणे मालकाच्या हिताचे असते. शिवाय समुद्राकडे उघडणाऱ्या दिवाणखान्यात काही दिवस राहण्याचा जो अनुभव या घरांच्या मुळाशी होता, तो कोणाही प्रवाशास तेथे मिळू शकतो. परंतु हा लाभ व्यवसायाच्या भरभराटीवर अवलंबून असतो. मंदीच्या एकदोन हंगामांत रंग लांबणीवर पडतो, मग गिलावा फुटतो, मग भिंत भिजते. आणि बंगरूशच्या भिंतीला वाट पाहणे मानवत नाही. म्हणून अशा वास्तूंच्या बाबतीत दुरुस्तीची नियमितता हेच जतनाचे पहिले साधन ठरते.